बंदीपूरला हत्ती दिसला होता

आधी दुरुस्ती. बंदीपूरवरच्या मागच्या लेखात मी लिहिलं होतं, 'हत्ती काही दिसला नाही, आईला मात्र भास झाला.' हे वाक्य चुकीचं आहे. हत्ती होता. चौथीपर्यंत मला आईनेच घरी शिकवलं, आणि चुकलेलं खोडायचं नाही, शेजारी बरोबर लिहायचं, असा तिचा नियम होता. म्हणून जुना लेख तसाच ठेवलाय आणि प्रवास इथे पुन्हा सांगतेय.

जायचं आईने ठरवलं. मी ठरवलं असतं तर अजून हवामानच बघत बसले असते. नाशिकहून मनमाड, तिथून बंगळूरुची गाडी, पुढे म्हैसूर. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. ही शिदोरी सोलापूर यायच्या आतच संपली, कारण समोरच्या बाकावरच्या आजींना आईने आग्रह करकरून वाढलं. कुलूप लावलं का, हे मी शेजारच्या काकूंना फोन करून दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा आईने फोन काढून घेतला.

म्हैसूरहून टॅक्सी केली. गुंडलूपेटपर्यंत रस्ता छान आहे, दोन्ही बाजूंना झेंडूची शेतं. जेवायला एका साध्या खानावळीत थांबलो. ताटात मोठा तपकिरी गोळा आला. मी घाबरतच पाहत होते. आईने एक घास तोडला, चव घेतली आणि म्हणाली, "अगं, ही तर आपली नागली." तिचं माहेर पेठकडचं, तिकडे नाचणीला नागली म्हणतात. नागलीची भाकरी खाऊन वाढलेली बाई ती. वाढणाऱ्याने हाताने खुणावलं की हा गोळा चावायचा नाही, सारात बुडवून गिळायचा. आईला ते लगेच जमलं. मला ठसका लागला.

सफारीसाठी वन खात्याची बस घेतली. जीपपेक्षा स्वस्त पडते. दुपारच्या फेरीचं तिकीट मिळवायचं असेल तर लवकर पोचा. चितळं इतकी दिसली की थोड्या वेळाने त्यांच्याकडे कोणी बघेना. मग एका वळणावर ड्रायव्हरने बस थांबवली आणि हळूच म्हणाला, "आने, आने." मी मागे वळून पाहिलं. मागून खरंच एक जीप येत होती. मला वाटलं, तिला येऊ द्या असं हिंदीत सांगतोय. पुढच्या बाकावरचं कुटुंब उठून उभं राहिलं, तेही मला जीपसाठीच वाटलं. बस थोडी मागे सरकली, जीपही सरकली, आणि आम्ही दुसऱ्या वाटेने निघालो.

"बांबूमागे हत्ती होता," आई म्हणाली. "कान हलवला त्याने."

"दगड असेल गं."



दुसऱ्या दिवशी गोपालस्वामी बेट्टा, म्हणजे माथ्यावर देऊळ असलेला डोंगर, पाहिला. वर खासगी गाडी नेता येत नाही, पायथ्याशी सरकारी बस मिळते. देवळाभोवती इतकं धुकं होतं की दर्शन झालं, डोंगर मात्र दिसला नाही. तिथून मुदुमलाईमार्गे उटी. जंगलातला रस्ता रात्री बंद असतो, त्यामुळे निघायची वेळ आधीच बघा. उटीसाठी ई-पास लागतो. तो मोफत मिळतो, घरूनच काढा. चहाचे मळे पाहून मी खूश झाले. आई मात्र रस्ताभर चष्मा काढून पुसत होती.

घरी आल्यावर मी लेख लिहिला. आई माझा प्रत्येक लेख वाचते, तो भासही तिने वाचला. तेव्हापासून तिची स्कूटर पार्किंगमध्ये उभी होती. वणीला मावशीकडे महिन्यातून एकदा ती एकटी जायची, तेही बंद झालं. "मला दगडात हत्ती दिसायला लागले. उगाच कोणाला तरी ठोकेन." मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नंबर किंचित बदलला आणि खुशाल गाडी चालवा म्हणाले. नवा चष्मा आला, किल्ली खिळ्यालाच राहिली.

मग परवा निपाणीच्या एका वाचक ताईंनी जुन्या लेखाखाली लिहिलं, "अहो, कन्नडमध्ये आने म्हणजे हत्ती. तो बिचारा तुम्हाला हत्तीच दाखवत होता की."

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि आईला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. तिने ते पुन्हा वाचायला लावलं.

"आता तुझ्या वाचकांना विचार," ती म्हणाली, "दगडाला कान असतात का म्हणून."

आणि हसली. त्या बसनंतर पहिल्यांदाच अशी मोकळी.

पंधराएक मिनिटांनी खालून स्कूटरचा आवाज आला. इतके दिवस उभी असल्याने सुरू व्हायला कुरकुरत होती. खिळा रिकामा होता.

बंदीपूरला जाणार असाल तर सफारीची वेळ, पास, पाणी हे सगळं लक्षात ठेवाच. त्यासोबत 'आने' हा एक शब्दही न्या. आणि शेजारी बसलेलं माणूस काही दिसलं म्हणालं, तर आधी त्याच्या बोटाच्या दिशेने बघा. मी मागे बघत होते.

आता वणी. दिंडोरीला चहाला थांबायचं, हेल्मेट दोघींनी घालायचं, या माझ्या अटी आईने मान्य केल्यात. तिची एकच अट आहे : चालवणार ती, आणि मी मागे बसून "ब्रेक, ब्रेक" म्हणायचं नाही. मी कबूल केलंय. मावशीला फोनही झालाय. या रविवारी सकाळी निघतोय.