साडेतीन किलोमीटर

त्या मे महिन्यात मी सैन्यात नायक होतो आणि सुट्टीवर गावी आलो होतो. आमचं घर उंबरमाळी स्टेशनपासून वीस मिनिटांवर. तिसऱ्या दिवशी ताप भरला. शहापूरच्या डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला. तीन आठवडे अंथरुणात गेले, वजन सहा किलोने उतरलं. युनिटने सुट्टी पंधरा दिवस वाढवून दिली. परत गेल्यावर लगेच टेस्ट होती. पाठीवर सामानाचा पिट्ठू, हातात रायफल, पाच किलोमीटर पळायचं. नापास झालो तर गस्तीतून नाव कटणार होतं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सकाळी साडेपाचला बूट घातले आणि पळायला निघालो. आठशे मीटरवर दम संपला. रस्त्याकडेला बसून उलटी केली. पुढचे दोन दिवस गेलोच नाही. बायकोला सांगितलं, पाय दुखतोय. पाय दुखत नव्हता.

चौथ्या दिवशी दारात मोटारसायकल थांबली. लान्स नायक भास्कर. मुरबाडकडच्या म्हसा गावचा, माझ्याच सेक्शनमधला, युनिटमध्ये पळण्यात पहिला. तोही सुट्टीवर होता. बायकोने त्याला फोन केला होता.

"दादा, बूट कुठं हायत?"

"ताकद नाय रे."

"ताकद मागून येल. दोन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. घड्याळ मी बघतो."

तो आठ दिवस आमच्याकडे राहिला. कधी माझ्यापुढे गेला नाही, बाजूनेच पळाला. आठव्या दिवशी मी न थांबता चार किलोमीटर पळालो. युनिटमध्ये टेस्ट पास झालो, चाळीस सेकंद राखून.

जूनमध्ये आम्ही ईशान्येकडच्या डोंगरात पोस्टवर होतो. एका सकाळी गस्तीवरून परतताना नऊ चाळीसला दरड कोसळली. भास्कर आणि शिपाई गुरमीत मातीखाली गेले. रेडिओ सेट भास्करच्या पाठीवर होता. आम्ही हातांनी माती उपसायला लागलो. गस्तीचे प्रमुख हवालदारसाहेब सर्वांत पुढे, खांद्यापर्यंत आत हात घालून चाचपत होते. त्यांनी हात बाहेर काढला, माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्या जवानाकडे बोट केलं.

"रायफल इसको दे. पोस्ट तक भाग."

"साहब, भास्कर?"

"दोनों जिंदा हैं. भाग."

पोस्ट साडेतीन किलोमीटरवर. अर्धी वाट चढाची, चिखलाची. दुसऱ्या चढावर छाती उंबरमाळीसारखीच बंद झाली. मी साठ आकडे मोजत चाललो आणि पुन्हा पळालो. असं तीनदा केलं. चालतानाच्या प्रत्येक मिनिटाची लाज वाटत होती. दहा वाजून सहा मिनिटांनी पोस्टवर पोचलो. ऑपरेटरने मुख्यालय लावून सेट माझ्या हातात दिला.

"लँडस्लाइड हुआ है. दो आदमी दबे हैं. मेडिकल भेजो, ओव्हर."

"हालत बताओ, ओव्हर."

"दोनों जिंदा हैं, ओव्हर."

पोस्टवरचे जवान स्ट्रेचर आणि फावडी घेऊन निघाले. मी त्यांच्याबरोबर परत पळालो. अकराच्या आत गुरमीत बाहेर निघाला. पाऊल चिरडलेलं, पण श्वास चालू. रक्त वेळेत थांबलं म्हणून तो वाचला, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

भास्कर शेजारी होता. तोंडावर पावसाळी पोंचो टाकलेला.

"मैंने इसकी नब्ज देखी थी," हवालदारसाहेब म्हणाले. "तेरे जाने से पहले."

"मग मला का नाय सांगितलं?" मी मराठीतच बोललो. त्यांना कळलं.

"बताता, तो तू इतना भागता?"

मी भास्करच्या स्ट्रेचरचं एक टोक उचललं. आता निवृत्त होऊन चार वर्षं झाली. चालत घालवलेली ती तीन मिनिटं अजून मोजतो.

तेराव्यानंतर म्हशाला गेलो. सगळं सांगितलं, हवालदारसाहेबांचं खोटंही. भास्करच्या आईने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं,

"तो दुसरा पोऱ्या वाचला ना?"

"वाचला."

"त्याला बोल, येकदा येऊन जा."

गुरमीत हिवाळ्यात आला, म्हशाच्या जत्रेच्या दिवसांत. काठी टेकत अंगणात शिरला. त्याला मराठी येत नव्हती, भास्करच्या आईला हिंदी. तिने त्याला पाटावर बसवलं आणि त्याचं अधू पाऊल दोन्ही हातांत धरून बसली. जेवण निवलं तरी सोडलं नाही. भिंतीवर भास्करचा युनिफॉर्ममधला फोटो होता. सत्तावीस वर्षांचा होता तो.