निकानोरा आजीचा आवरलेला हात

निकानोराच्या घरून उपाशी परत गेलेला माणूस आमच्या डोंगरात शोधून सापडायचा नाही. भांडायला आलेल्याच्याही हातात ती आधी मक्याची गरम भाकरी ठेवायची आणि मग भांडायची. मी तिची शेजारीण. भाकरीही पुष्कळ खाल्ली तिच्याकडची आणि बोलणीही.

यंदा कणसात दाणा भरलाच नाही. तिची मुलगी कॉफी तोडायला सीमेपलीकडे होंडुरासला गेली आणि लहानगी देल्मी आजीकडे राहिली. मक्याच्या पातळ पेजेवर पोर दिवस काढत होती. तिचे गाल फुगले, पाय भरले, तेव्हा निकानोरा जो भेटेल त्याला सांगत सुटली की माझी नात दुष्काळातसुद्धा बाळसं धरतेय. पोर हसत नव्हती, खायला तोंड उघडत नव्हती, पण गुबगुबीत पोराची काळजी कोण करतो?

पायाची कातडी सोलून निघायला लागली तेव्हा आम्ही दोघींनी तिला खालच्या गावातल्या दवाखान्यात नेलं. तिथली नर्स ओदिलिया आमच्याच डोंगरातली. ही सूज आहे, अंगात नुसतं पाणी साठलंय, असं तिने सांगितलं. दूध थोडं थोडं द्यायचं, बाकी काही नाही. एकदम पोटभर दिलं तर असल्या पोरांचं काळीज थकून बंद पडतं.

देल्मीला तिथेच ठेवून घेतलं. निकानोराने ऐकून घेतलं. पण तोंडावरची सूज उतरली, बरगड्या दिसायला लागल्या, तसा तिचा पारा चढला. चांगली भरलेली पोर आणली होती, तुम्ही तिला उपाशी मारताय, म्हणत तिने देल्मीला शालीत घेतलं आणि दाराकडे निघाली. काखेत भाकरीचं गाठोडं होतंच. मी आडवी गेले तर मलाच ढकललं.

ओदिलियाने वाद घातला नाही. देल्मीच्या पावलावर अंगठा दाबून काढला. खळगा तसाच राहिला.

"आजी, मळलेलं पीठ असं दिसलं तर काय म्हणता?"

निकानोराने वाकून तो खळगा बघितला. "पाणी जास्त झालं म्हणते," ती म्हणाली आणि खाटेवर बसली. मग गाठोडं माझ्या हातात दिलं. "तू घेऊन जा हे. माझ्याजवळ राहिलं तर मी देईन."

त्यानंतर रोज सकाळी ती स्वतःच पाऊल दाबून बघायची. पुढे देल्मीला भूक लागायला लागली. ती रडून हात पुढे करायची, आणि जन्मात कुणाला नाही न म्हटलेली ही बाई भिंतीकडे तोंड फिरवून बसायची. मला ते बघवत नसे.

एका सकाळी अंगठा टेकताच देल्मीने पाय हिसकावून आजीला लाथ मारली. खळगा उमटला नव्हता.

"भाकरी," पोर म्हणाली.

मी माझ्या न्याहारीची भाकरी पुढे केली. निकानोराने ती घेतली, पण आधी ओदिलियाकडे बघितलं.

"देऊ का गं?"

चिमूटभर द्या, ओदिलिया म्हणाली. निकानोराने नखाएवढा तुकडा तोडून नातीच्या तोंडात घातला. उरलेली भाकरी तिने मला परत दिली.