मंगूच्या उंचीचं दार

रंधा मारला का छिलके पडतेच. सुतारांच्या संगतीत किस्स्याईचंही तसंच हाय. किती झाडा, कोपऱ्यात थोडे राह्यतेच. माह्याजवळचे लय किस्से एकाच घराचे हायत. दिग्रसहून बोरी अरबले जातानी एस.टी.त मी अजून त्या बाजूची खिडकी धरतो. झाडं आड येतात, घर दिसत नाही, तरी धरतो.

*

साठ सालच्या आसपासची गोष्ट. हेमला, बंजाऱ्याइच्या तांड्याचा नायक, बोरीच्या वाटेवरल्या तांड्यावरून आमच्या दिग्रसच्या सुतारकीच्या कारखान्यात आला. हातात फोटो. त्यात त्याचा पोरगा मंगू, दूर पहाडात रस्त्याच्या कामावर गेलेला, अन् त्याच्या मागं अख्ख्या ओंडक्याइचं घर.

"मले असंच पाहिजे," नायक म्हणे.

आमचे गंगाराम मिस्त्री तोंडाचे फटकळ. म्हणे, "नायक, हे घर हाय का डेपोतला लाकडाचा थप्पा?"

"थप्पाच म्हणा. पण दार पाहा. पोरगा दारात उभा हाय अन् डोकं लागून नाही राह्यलं."

मंगू चांगला उंच. तांड्यावरच्या मातीच्या घराचं दार बुटकं, रोज कपाळ आपटे. गेला त्या दिवशीही आपटला, अन् हसून म्हणाला, "हे घर मले राहू देत नाही, बा." तो हसला, बापानं मनाले लावून घेतलं. तीन वर्सं झालती, पोरगा आला नव्हता.

*

तांड्यावर दाराचं माप घ्याले मिस्त्रीनं टेप काढला. नायकानं हात धरला. त्याच्या बायकोनं, आम्ही सारे तिले याडी, म्हणजे आई, म्हणत होतो, घरातून अंबाडीची जुनी रस्सी आणली. तिच्या सासऱ्याच्या बैलावर गोण्या बांधाची रस्सी. तिले दोन गाठी. मंगू निघाला तवा याडीनं त्याची उंची त्या रस्सीवर बांधून ठेवलती.

"मोजून पाठवलेला माल हरवत नाही," ती म्हणे. "आमच्यात असंच हाय."

मिस्त्रीनं टेप गुपचूप खिशात टाकला.

*

भिंती उभ्या झाल्या. एक दिवस आम्ही जेवाले नाल्यावर गेलतो. परत येऊन पाहतो तं काय, तांड्यावरच्या बायाइनं सारे ओंडके शेणामातीनं सारवून टाकलेले! रंध्यानं आरशासारखं केलेलं सागवान!

"काहून केलं बाई असं?" मिस्त्री रडकुंडीले आले.

"उघडी भिंत बरी दिसते काय?" एक म्हातारी म्हणे. "नायकाची इज्जत हाय."

मग दिवसभर आम्ही घागरीनं पाणी मारून घर धुतलं. भिंतीले टांगलेली रस्सीही त्यात चिंब झाली. तिच्याकडे कोणी पाह्यलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावरूनच चौकट कापली, बसवली अन् वरचे ओंडके चढवले.

*

याडी दारात येऊन उभी राह्यली, वर पाह्यलं.

"कमी हाय. अथी त्याचं कपाळ येते."

"रस्सीनं मोजलं, याडी," मिस्त्री म्हणे.

"रस्सी काय सांगते मले? म्या चाळीस येळा त्याच्या कपाळाले हळद लावली."

मिस्त्री तडकले. पण दोन दिवसांनी रस्सी वाळली अन् पुन्हा लावून पाह्यली, तं चार बोटं लांब! ओली रस्सी आखडते, हे सुताराले सांगावं लागू नये.  मिस्त्रीनं सारे ओंडके उतरवले अन् दार चार बोटं नाही, चांगलं एक वीत वाढवलं.

*

घर झालं, पण नायक-नायकीण त्यात राहाले गेले नाही. पहिलं पाऊल मंगूचं. दोघं समोरच्या जुन्या घरात राहत, अन् याडी रोज नवं घर झाडून ठेवे. एक होळी गेली, दुसरी गेली. बोरीच्या बाजारले निघालो का मिस्त्री काहीतरी निमित्त काढून तांड्यावर थांबत. "कडी पाहून येतो," म्हणत. कडीले काहीच झालं नव्हतं. आम्हालेही त्या पोराची वाट पाहाची सवय लागलती.

तिसऱ्या होळीच्या आदल्या दिवशी आम्ही तथीच होतो. मंगू आला. खांद्यावर पेटी, कानाजवळ चार केस पांढरे. याडीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. नायकानं नुसतं घराकडे बोट केलं.

मंगूनं घर पाह्यलं, मग बापाकडे पाह्यलं. पेटी खाली ठेवली, जोडे काढले. दारापाशी आला, अन् मान खाली घालून, कंबरेत पार वाकून आत गेला.

नायकानं दाराकडे पाह्यलं. मग हळूच मिस्त्रीच्या जवळ सरकला.

"मिस्त्री," म्हणे, "अजूनही बुटकंच राह्यलं काय?"