सात वेळा धुतलेल्या गाद्या

पलूसच्या बाजारपेठेमागच्या बोळात नियाज पिंजाऱ्याचं गाद्यांचं दुकान आहे. आत शिरलं की नियाज लगेच दिसत नाही. आधी कापूस दिसतो, मग कापसात दोन डोळे, मग दाढी. ती काळी की पांढरी हे शुक्रवारी आंघोळीनंतरच कळतं, आणि तेवढ्यासाठी कोणी थांबत नाही.

बापानं खांद्यावर पिंजणाची कमान टाकून गावोगाव पायपीट केली. नियाजच्या वाट्याला मशीन आलं. ते सुरू झालं की बोळातली भांडणं थांबतात, कारण एकमेकांचं ऐकूच येत नाही. गिऱ्हाईक आलं की माप विचारायच्या आधी तो विचारतो, "कुशीवर झोपता का पाठीवर?" हायस्कुलाच्या मोठ्या बाईंनाही त्यानं हे विचारलं होतं, त्यांच्या दोन शिपायांसमोर. बाईंनी निमूट उत्तर दिलं. नियाजचा चेहराच तसा, डॉक्टरपेक्षा गंभीर. स्वतः मात्र तो चटईवर झोपतो. गादीवर पडलं की कुठला टाका ढिला आहे तेवढंच पाठीला कळत राहतं, म्हणतो.

त्याला घमेंड एकाच गोष्टीची, अस्सल कापसाची. "माझ्या गादीत कापूस सोडून काय निघालं, तर ती गादी डोक्यावर घेऊन गावातनं फिरीन," हे वाक्य त्यानं सव्वीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं. फिरायची वेळ कधी आली नव्हती. पण हमरस्त्यावर फोमच्या गाद्यांचं काचेचं दुकान निघालं, आणि वाक्य ऐकायला येणारी माणसंच कमी झाली.

दुकानामागं अंगण आहे. ते निम्मं नियाजचं, निम्मं शेजारच्या आकारामतात्यांचं. निम्मं कुठं संपतं हे दोघांनाही माहीत नाही, आणि ऊन फक्त मधोमध पडतं. नव्या गाद्यांना ऊन दाखवावंच लागतं, नाहीतर कापूस फुलत नाही. म्हणजे गाद्या मधोमध. आणि मधोमध गाद्या म्हटलं की त्यावर तात्यांचं कुत्रं.

तात्या फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. साताऱ्याला माजी सैनिकांच्या मेळाव्याला गेले आणि येताना स्टँडवरचं पिल्लू पिशवीत घालून आणलं. कंडक्टरला सांगितलं, कोंबडा आहे. कऱ्हाडच्या अलीकडं पिशवी भुंकली. कंडक्टर म्हणाला, "तुमचा कोंबडा आजारी दिसतोय, लवकर उतरा." घरी आल्यावर त्याला नाव दिलं 'नाईक', म्हणजे हवालदारापेक्षा एक पायरी खाली. घरात कोणीतरी हाताखाली असावं, ही तात्यांची जुनी इच्छा होती. शालूबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ती पस्तीस वर्षांत पुरी होऊ दिली नव्हती.

"तात्या, कुत्रं उठवा," नियाज दिवसातून तीनदा म्हणे.

"आराम करतोय त्यो. सकाळधरनं गेटवर ड्युटी हुती."

"आपल्याला गेट कुठं हाय?"

"न्हाई म्हणूनच लय ताण पडतोय त्याच्यावर."

मग तात्या कुत्र्याशी फौजी हिंदीत हळुवार बोलत, आणि शालूबाई भांडी घासता घासता म्हणत, "माझ्यासंगं एवढं मऊ बोलला असता तर मीबी गादीवरनं उठले असते."

नियाजच्या आईला, हाजराबीला, कुत्र्याचं वावडं नव्हतं, पण त्यानं आपल्यापासून चार हात लांब असावं असं होतं. नमाजाचे कपडे असतात, पाण्याची भांडी असतात. पंचाहत्तरीची ही बाई दारात बसून तांदूळ निवडायची आणि अंगणात काय चाललंय ते न बघता सांगायची.

त्या सुमारास जतकडून अंबूबाई आल्या. नात प्रियदर्शनीचं लग्न ठरलेलं. आठ गाद्या हव्या होत्या. फोमच्या दुकानात जाऊन, तिथल्या गादीवर दोन उड्या मारून, "ही गादी न्हवं, टायर हाय," असं तिथल्या तिथं सांगून त्या बोळात आल्या होत्या. या बाईनं चांगलं म्हटलं तर जत तालुक्यातली निम्मी लग्नं नियाजच्या दारात. वाईट म्हटलं तर त्यानं मशीन भंगारात घालावं आणि काचेच्या दुकानात जाऊन नोकरी मागावी. हे नियाजला कळत होतं, हाजराबीला कळत होतं. फक्त नाईकाला कळत नव्हतं. गाद्या न्यायचा दिवस ठरला गुरुवार.

रविवारी आठही गाद्या अंगणात. नाईक कुठूनसं हाडूक घेऊन आला आणि शेजारशेजारच्या दोन गाद्यांवर त्यानं ते तासभर चघळलं. खोळींवर लाळेचे हे एवढे डाग. नियाज काही बोलला नाही, म्हणजे फार चिडला होता. तात्या ओशाळून उभे. हाजराबी तांदळातला खडा उडवत म्हणाली, "माझ्या भांड्याला असं तोंड लावलं असतं तर सात वेळा धुतलं असतं. त्यातनं एकदा मातीनं."

"सात येळा. एकदा मातीनं," तात्या हुकूम ऐकल्यासारखं पुटपुटले, टाचा जुळवल्या आणि घरात गेले.

म्हातारी टोमणा मारत होती. पण टोमणा ओळखायचं शिक्षण फौजेत देत नाहीत.

सोमवारी नियाज खोळीचं नवं कापड आणायला सांगलीला गेला. दोन खोळी बदलल्या की काम भागणार होतं. दुपारी परतला तर अंगणात कालवा फुटल्यासारखं पाणी, आणि तात्या बनियनवर, हातात पाइप. दोन गाद्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, बुडून वर काढलेल्या म्हशींसारख्या.

"सात झालं," तात्या अभिमानानं म्हणाले. "तिसऱ्या येळंला माती. चाचीनं सांगितल्यापरमाणं."

नियाज मटकन खाली बसला. बसला तो चिखलात.

"अरे बाबा, मी भांड्याचं म्हणाले," हाजराबी दारातून म्हणाली. "खोळीला लाळ लागली तर खोळ धुवायची. आणि कोरडं कुत्रं नुसतं येऊन बसलं तर काहीच करायचं नाही."

"आवं चाची, मग ह्ये काल सांगायचं न्हवं का?"

"काल तू विचारलंस कुठं? टाचा वाजवून गेलास."

कापसाची गादी एकदा पाणी प्याली की आठवडाभर सोडत नाही. बुधवारी दुपारीही हात दाबला की पाणी वर येत होतं. कापसाची नवी गाठ यायची शुक्रवारी. कोपऱ्यात सूतगिरणीच्या कचऱ्याची दोन पोती होती, रिक्षाच्या सीटमध्ये भरायला आणलेली. करडा, तेलकट माल. नियाजनं तिकडं बघितलं, मग दुसरीकडं बघितलं, मग दार लोटून घेतलं आणि मशीन सुरू केलं. संध्याकाळी दोन गाद्या तयार. दिसायला बाकीच्या सहांच्या सख्ख्या बहिणी.

हाजराबीनं त्यातल्या एकीवर नुसता तळवा ठेवला.

"वरनं चांगल्या कापसाचा थर दिलाय, अम्मा," नियाज नजर चुकवून म्हणाला.

"बरं केलंस. मग पोरीला सांगून ठेव, वरच्यावरच झोप म्हणावं."

त्या रात्री त्याला चटईसुद्धा टोचली.

गुरुवारी अंबूबाई टेम्पो घेऊन आल्या. आठ गाद्या उन्हात ओळीनं मांडलेल्या. त्यांनी प्रत्येकीला गुद्दा मारला, प्रत्येकीवर बसून बघितलं, कानही लावला. आठच्या आठ पास. नियाजचा श्वास निम्मा सुटला होता, एवढ्यात नाईक आला. ओळीच्या टोकापासून वास घेत निघाला आणि दुसऱ्या गादीवर आडवा झाला.

"आमच्याकडं कुत्री मेंढरांत निजत्यात," अंबूबाई म्हणाल्या. "हे तर नवरदेवावाणी लोळतंय. उठवा रं."

आता शिस्त दाखवायची तात्यांना संधी. "नाईक, पीछे हट."

नाईक उठला. सातव्या गादीशी थांबला, नाक लावलं, शिंकला. आठवीशी थांबला, परत शिंकला. त्या दोन्हींना मोठा वळसा घालून परत आला आणि तिसऱ्या गादीवर बसला.

अंबूबाईंनी डोळे बारीक केले. "ह्या दोनवर का बसंना त्यो?"

"कुत्र्याला काय कळतंय, आक्का," नियाज घाईनं म्हणाला.

उत्तर चांगलं होतं. दुसऱ्या कुठल्याही अंगणात चाललं असतं. पण इथं तात्या उभे होते.

"कळत न्हाई?" तात्यांचा आवाज चढला. "नियाज, गड्या, मला काय बी बोल. पर त्याच्या नाकाला नाव ठिवू नगंस. साताऱ्यापासनं पिशवीत बसून आलाय त्यो. आत गडबड असल्याबिगार नाईक पाऊल मागं घेत न्हाई." शालूबाईंनी कोपरानं ढोसलं, तरी त्यांनी वर आणखी जोडलं, "उसवून बघा पायजे तर."

"दाभण दे," अंबूबाई म्हणाल्या.

गादी शिवायची ती लांब सुई नियाजनं स्वतःच नेऊन दिली. दोन टाके उसवले, थोडा पांढरा कापूस आला, आणि त्यामागून करडा, तेलाचा वास मारणारा गोळा. मशीन बंद असूनही बोळात कोणाचं काही ऐकू येईना.

अजून खोटं बोलायला जागा होती. व्यापाऱ्यानं फसवलं म्हणता आलं असतं, गाठीतच भेसळ होती म्हणता आलं असतं. नियाजनं दारातल्या म्हातारीकडं पाहिलं. ती तांदूळ निवडत होती.

"गिरणीचा कचरा हाय, आक्का," तो म्हणाला. "मीच भरला. तुमी गाद्या ठेवून गेलात तरी माझं काय म्हणणं न्हाई."

आता तात्यांच्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला तो चेहऱ्यावर सगळ्यांना दिसला. "त्याच्या चांगल्या गाद्या मी धुतल्या हुत्या," ते म्हणाले. "सात येळा."

"गाद्या?" अंबूबाई.

"व्हय. एकदा मातीनं."

अंबूबाईंनी भिंतीला टेकलेल्या त्या दोन म्हशींकडं बघितलं, मग तात्यांकडं, मग दारातल्या हाजराबीकडं, आणि नाईकाला सरकवून तिसऱ्या गादीवर बसूनच घेतलं. बसून हसल्या. पदर तोंडात घालून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. हसून झाल्यावर एकदम कोरड्या झाल्या.

"माझ्या लेकीच्या गाद्या तुझ्याकडनंच नेल्या हुत्या, नियाज. तवा तू एक वाक्य बोलला हुतास."

"व्हय."

"मग उचल."

नियाजनं सातवी गादी गुंडाळून डोक्यावर घेतली. आठवीला कोणी काही म्हणालं नव्हतं. ती तात्यांनी उचलली. "ही माझी," एवढंच बोलले. शालूबाई पुढं येऊन म्हणाल्या, "सरळ धरा, तुमचं तोंड दिसू दे लोकांना."

अशी ती मिरवणूक निघाली. पुढं शेपटी वर करून नाईक, मागं नियाज, त्यामागं तात्या. बोळाच्या तोंडाशी नियाजचे पाय अडखळले, तेव्हा मागून हलकेच आवाज आला, "बायें… दायें… बायें…" आणि त्या तालावर पाय आपोआप पडायला लागले. बाजारपेठेत माणसं दुकानांतून बाहेर आली. कोणी विचारलं, "कुणाची वरात?" तात्यांनी मान न वळवता सांगितलं, "चुकीची."

काचेच्या दुकानाचा मालक पायरीवर येऊन हसला. "काय नियाजभाई, घरपोच देताय वाटतं?"

"न्हाई," नियाज थांबून म्हणाला. "ह्यात कचरा निघाला, म्हणून फिरवतोय. तुमी कवा निघणार?"

स्टँडपर्यंत जाऊन मंडळी परत आली, तोवर अंबूबाईंनी सहा गाद्या टेम्पोत चढवल्या होत्या. लग्नाला अजून अठरा दिवस होते. "त्या धुतलेल्या वाळव, परत पिंज आन् पुढच्या आठवड्यात दे," त्या म्हणाल्या. "सात येळा धुतलेली गादी पोरीच्या सासरी कुणी बघितली नसंल."

पुढचे चार दिवस तात्या गच्चीवर बसून ओल्या कापसाचे गोळे बोटांनी सुटे करत होते. मिशीत कापूस, भुवयांत कापूस. शालूबाई जिन्यातून बघून जायच्या आणि म्हणायच्या, "आता बरं दिसताय. निम्मं तोंड झाकलंय."

अंगणाचं अजून ठरलेलं नाही. नियाजनं नाईकासाठी छोटी गादी शिवली, उरलेल्या कचऱ्याची; नाईक शिंकला. मग मुकाट्यानं अस्सल कापूस भरावा लागला. ती तात्यांच्या भिंतीशी असते आणि दहातल्या सहा वेळा तो तिच्यावर बसतो. उरलेल्या चार वेळांसाठी भांडण राखून ठेवलेलं आहे. शुक्रवारी दुपारी, नियाज धुतलेल्या कपड्यांत आणि धुतलेल्या दाढीत नमाजाला बाहेर पडायच्या आधी, तात्या नाईकाला कालव्याकडं परेडला नेतात. आणि हाजराबी तात्यांच्या देखत काही बोलली की शेवटी न चुकता सांगते, "हे नुसतं बोलणं आहे. पाइप आणू नको."

नियाजला सलते ती वेगळीच गोष्ट. तीन पिढ्या पिंजण्यात गेल्या, आणि जतकडं त्याला आता कोणी नावानं ओळखत नाही. परवा फोन आला, लग्नाच्या पाच गाद्यांसाठी. पलीकडून बाईंनी विचारलं, "कुत्रंवाल्या गाद्यांचं दुकान न्हवं का?"

नियाजनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कुत्रं हाय न्हवं अजून? आमी आलो की ते बसवून दाखवशीला का?"

नियाजनं अंगणात बघितलं. दोन नव्या गाद्या उन्हात होत्या आणि त्यातल्या एकीवर साहेब पाय वर करून झोपले होते.

"हाय," तो म्हणाला. "पर शुक्रवारी येऊ नका. त्या दिवशी त्याला सुट्टी असती." मग गळा साफ करून विचारलं, "बरं, पोरगी कुशीवर झोपती का पाठीवर?"