पाण्यात न उतरलेला माणूस

आमच्या चर्चमधल्या बायका मनानं वाईट नाहीत, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांच्यावर चिडणार आहे. माझा नवरा गेला, त्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्यांतल्या एकीनं माझा हात हातात घेतला, डोळे पुसले आणि विचारलं, "सिस्टर, शेवटी तरी त्याचा बाप्तिस्मा झाला ना?" जेवतेस का, झोप लागते का, घरात सोबतीला कुणी आहे का, यातलं काही नाही. बाप्तिस्मा झाला ना!

तिला मी काय सांगितलं ते येईलच पुढं. पण हा प्रश्न तिनं पहिल्यांदा विचारला असं नाही. तो आमच्या घरात बरीच वर्षं मुक्कामाला होता, आणि त्याला जेवूखाऊ मीच घालत होते.

मी नगरकडची, जन्माची ख्रिस्ती. वडील खेड्यातल्या मिशनच्या शाळेत मास्तर, रविवारी उपासनाही तेच चालवायचे. हे विदर्भातले, बौद्ध. यांच्या वडिलांनी तरुणपणी धम्मदीक्षा घेतलेली. खरं बघायला गेलं तर दोन्ही घराणी गावकुसाबाहेरचीच. माझे पणजोबा एका दारानं बाहेर पडले, यांचे वडील दुसऱ्या दारानं. तरी लग्नाला विरोध दोन्हीकडून. तेव्हा हे म्हणाले होते, "कमाल आहे! एकाच आगीतून पळालेली माणसं, आणि एकमेकांना म्हणतात, तू चुकीच्या दारानं आलास!" या बोलण्यावरच मी भाळले, दुसरं काय.

सिंगापूरला आलो ते यांच्या नोकरीपायी, दोन हजार साल उलटल्यावर. काम तुआसला, जहाजं दुरुस्त करणाऱ्या यार्डात. आणि परवडणारा फ्लॅट मिळाला पासिर रिसला. म्हणजे बेटाच्या या टोकाहून त्या टोकाला. हे उजाडायच्या आत निघायचे, आधी एमआरटीची मेट्रो, मग कंपनीची बस. दिवसभर घरात मी आणि खिडकीतून येणारा समुद्राचा वारा. मूलबाळ झालं नाही. लिफ्टमध्ये शेजारीण हसायची, मी हसायचे, संपलं बोलणं. मराठी बोलायला संध्याकाळपर्यंत थांबावं लागायचं. कधी कधी तर मी दोडक्याशी बोलायचे. "बाबा रे, कडू निघू नकोस," असं. हसू नका, करून बघा.

म्हणून चर्च धरलं. एका शाळेच्या हॉलमध्ये भरायचं, सगळं इंग्रजीत. हे मला पोचवायला यायचे आणि दारापासून परत फिरायचे. समोरच्या कॉफीशॉपात कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन पेपर वाचत बसायचे. उपासना संपवून मी बाहेर आले की लांबूनच हात वर करायचे, मी जशी काही त्या गर्दीत हरवणार होते. वर्षानुवर्षं हेच. पाऊस असला तर छत्री घेऊन दाराशी उभे. लोक म्हणायचे, नवरा किती चांगला, आत का येत नाही? मी म्हणायचे, येईल, येईल.

आमचे पाळक इथलेच, चिनी, वयस्कर, सरळ माणूस. एका रविवारी त्यांचा उपदेश होता की जो विश्वास धरील आणि बाप्तिस्मा घेईल त्याचं तारण होईल. लहानपणापासून कानांवरून गेलेलं हे वाक्य, पण त्या दिवशी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि ते वाक्य येऊन त्या खुर्चीवरच बसलं. उपासना संपल्यावर मी पाळकांना गाठलं. म्हटलं, "पाण्याशिवाय तारण नाहीच का? स्पष्ट सांगा. हो किंवा नाही." ते म्हणाले, पाणी कुणाला तारत नाही, तारणारा देव आहे. ज्याला संधीच मिळाली नाही त्याचा हिशेब वेगळा. पण ज्याला संधी आहे, दार उघडं आहे, आणि तरी जो येत नाही... त्यांनी खोटं सांगितलं असतं तर मी सुखानं झोपले असते. नाही सांगितलं.

घरी येऊन मी यांच्या मागे लागले. हे इंजिनियर माणूस, उलटतपासणी घ्यायचे. "मग येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरच्या त्या चोराचं काय? त्याला कुठं कुणी आंघोळ घातली होती? आणि तो तर गेला की नाही थेट स्वर्गात?" मी म्हणायचे, "त्याला वेळ नव्हता. तुम्हांला आहे." "अस्सं! म्हणजे शेवटच्या क्षणाला चोर व्हायचं, की झालं." यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि भिंत वर हसणार.

चर्चचे बाप्तिस्मे व्हायचे बुकित तिमाहला, एका श्रीमंत सभासदाच्या कॉन्डोमधल्या पोहण्याच्या तलावात. एकदा मी हट्टानं यांना घेऊन गेले. मनात होतं, बघतील, काही हलेल. पाळक टीशर्ट घालून कमरेएवढ्या पाण्यात उभे. एकेक जण उतरायचा, पाळक त्याला पाठीमागं बुडवून वर काढायचे, टाळ्या व्हायच्या. आणि आमचे हे काठावर उभे राहून सगळ्यांचे टॉवेल, चष्मे, घड्याळं सांभाळत होते. वर आलेल्या प्रत्येकाला बरोबर त्याचाच चष्मा. पाळक पाण्यातून ओरडले, "ब्रदर, कम लाह! पाणी मस्त आहे आज." हे म्हणाले, "मला पोहता येत नाही." सगळे हसले. मी मात्र रडायच्या बेतात होते. माझा माणूस हाताच्या अंतरावर होता आणि उतरत नव्हता.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. हे म्हणाले, "अगं, माझ्या आज्याला गावच्या विहिरीवर चढू द्यायचे नाहीत. खाली ओंजळ धरून बसायचं. कुणाला दया आली तर वरून ओतायचा. दुपार दुपार बसायचा म्हातारा. आणि आज कुणीतरी मला म्हणतो, पाण्यात उतर, नाहीतर तुझी सुटका नाही. चांगला माणूस आहे तो, त्याच्या पोटात काही नाही. पण माझे पाय ऐकत नाहीत." मग म्हणाले, "माझे वडील म्हणायचे, धर्म बदलायचा तर उभ्यानं बदलावा, शुद्धीत, भर उन्हात. कुणाच्या भीतीनं नाही, कुणाच्या लोभानं नाही. तसं मला कधी वाटलं तर मी स्वतः सांगेन तुला."

मी म्हटलं, "आणि नाहीच वाटलं तर? मेल्यावर मी एकीकडे आणि तुम्ही एकीकडे?"

हे माझा हात धरून बसले, पासिर रिस येईपर्यंत.

मला स्वर्गाचं सोनंनाणं नको होतं हो. मला एवढंच हवं होतं की तिथंही बाहेर आल्यावर हा माणूस हात वर करून उभा असावा.

मग यांचं हृदय थकलं. चढ चढताना दम लागायचा, पाय सुजायचे, आणि एक दिवस यार्डातूनच हॉस्पिटलात नेलं. अंगात पाणी साठत होतं, म्हणून डॉक्टरांनी प्यायच्या पाण्यावर बंधन घातलं. नर्स छोट्या कपात मोजून द्यायची. ज्या माणसानं उभ्या जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही, तो लहान मुलासारखा कपाकडे बघायचा. "अगं, अर्धा घोट," म्हणायचे. मी नाही म्हणायचे. बाहेर जाऊन मी नळाशी उभी राहायचे आणि मलाही पाणी जायचं नाही.

शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार काही उरलेलं नाही. मी पाळकांना फोन केला. मीच केला. दुपारी ते आले, हातात काचेची वाटी, वर रुमाल झाकलेला. इथं बुडवायची गरज नाही, कपाळाला लावलं तरी पुरे, असं म्हणाले. यांनी वाटीकडे बघितलं. धाप लागत होती, तरी खोडी जाईना. म्हणाले, "पास्टर, पाणी आणलंच आहे तर आधी प्यायला द्या की." पाळक हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले.

मग हे माझ्याकडे वळले, मराठीत बोलायला लागले. "तुला हवंय का गं? तुझ्यासाठी घेतो मी. खरं नसेल ते, पण घेतो. तू एकटी राहणार, तुझ्या जिवाला घोर नको."

इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी देवाजवळ डोकं फोडलं, ते समोर वाढून ठेवलं होतं. हो म्हणायचं फक्त. जिभेवर होतं ते. पण मला तो बसमधला माणूस दिसला, आणि त्याचा ओंजळ धरून बसलेला आजा. हा आज आडवा पडून, माझ्या भीतीपायी, ओंजळ धरणार? मी म्हटलं, "नको. खोटं नको." पाळकांना सांगितलं, आज राहू द्या. त्यांनी प्रार्थना केली, यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले. वाटी तिथंच राहिली.

ते गेल्यावर हे डोळे मिटूनच म्हणाले, "तुझ्या येशूलाही शेवटी तहान लागली होती ना? काय दिलं होतं लोकांनी?"

"आंब. आंबलेला द्राक्षारस," मी म्हटलं.

"लोक म्हणजे लोक," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्स येऊन कप घेऊन गेली. म्हणाली, "आंटी, आता मोजायचं नाही. मागतील ते द्या." यांना ग्लानी होती. मी एकटी खाटेशी. वाटीतलं पाणी तसंच होतं. माझे वडील पाळक नव्हते, तरी त्यांनी एका मरत्या म्हातारीला बाप्तिस्मा दिला होता. वेळ तशीच आली तर कोणताही विश्वासी देऊ शकतो, असं ते म्हणायचे. शब्द मला पाठ होते. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, तीन नावं आणि तीन थेंब. कुणाला कळलं नसतं, यांनाही नाही. मी बोटं बुडवली. हात कपाळापर्यंत नेला. देवा, तुला ठाऊक आहे मी किती जवळ नेला होता.

यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "पाणी."

मी चमचा घेतला. त्याच वाटीतलं पाणी चमच्याचमच्यानं यांना पाजलं. मान वर करून करून प्यायले. वाटी संपली तेव्हा म्हणाले, "बास. गार आहे." उन्हं उतरायच्या सुमाराला गेले.

मंडाईच्या स्मशानात यांचे बौद्ध मित्र पांढरे कपडे घालून आले. त्यांनी वंदना म्हटली. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला माझे चर्चवाले, आणि मधे मी. दोन्हीकडची माणसं माझी होती आणि त्या दिवशी मला कुणीच नव्हतं. पाळक तेवढे माझ्याजवळ येऊन शेवटपर्यंत उभे राहिले.

तर त्या पहिल्या रविवारी त्या बाईनं विचारलं, बाप्तिस्मा झाला ना. मी म्हटलं, "नाही. त्यांना तहान लागली होती, मी पाणी पाजलं." तिनं माझा हात सोडला नाही, पण चेहरा पडला. "ओह, सिस्टर," एवढंच म्हणाली. मी हात सोडवून घेतला आणि बाहेर आले. कॉफीशॉपातल्या त्या टेबलाशी कुणी शाळकरी मुलं नूडल्स खात होती. सवयीनं माझी नजर सगळीकडे फिरली. हात वर करणारं कुणी नव्हतं. फूटपाथवर उभी राहून रडले मी, माणसं बाजूनं वळसा घालून जात होती.

बाप्तिस्म्याशिवाय तारण आहे की नाही, मला अजून कळलेलं नाही. पाळकांनाही मी परत विचारलं नाही. मी अजून जाते त्या हॉलमध्ये, गाणी म्हणते, प्रभुभोजन घेते, आणि प्रार्थनेत एवढंच सांगते: देवा, तुझ्या दारात माझा नंबर लागेल तेव्हा आधी मला बाहेर नीट बघू दे. तो माणूस तिथं उभा असेल, तर मला आत बोलावू नकोस. माझ्यासाठी तो इतकी वर्षं बाहेर थांबला, आता मी थांबेन.