मॉरीनचं सासरचं नाव

गेल्या महिन्यात एका शनिवारी, इथे परदेशात, बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये, सासूबाईंनी समोरच्या फिओनाला परस्पर चहाला बोलावलं. त्या पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि आठवड्याभरात अख्ख्या मजल्याशी ओळख करून बसल्या होत्या... आम्ही मात्र सहा वर्षं लिफ्टमध्ये नुसते हसतोय!

फिओना आयर्लंडची. इथल्याच नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलमध्ये नर्सेसना शिकवते. आल्याचा चहा तिने लागोपाठ तीन कप घेतला आणि सासूबाईंनी तिला तिथेच पास केलं.

मग नेहमीची उलटतपासणी सुरू झाली. आई कुठे असते, भावंडं किती, मूळ गाव कोणतं... मी दुभाषाचं काम करत होते आणि मनातून ओशाळत होते. पण फिओनाला बहुतेक कुणीतरी हे विचारायलाच हवं होतं. ती भडाभडा बोलायला लागली.

तिची एक मावशी होती, मॉरीन. स्वातंत्र्याच्या सुमाराला नर्स म्हणून मुंबईला आली आणि सांगलीच्या एका आपटे डॉक्टरांशी लग्न करून मोकळी झाली. तिकडे घरात महाभारत! फिओनाच्या आजोबांनी मुलीचं नावच टाकलं. तिची पत्रं आली की न उघडता परत पाठवायचे.

आणि ती परत पाठवायची पत्रं पोस्टात टाकायला जायची मॉरीनची धाकटी बहीण, कॅथलीन. म्हणजे फिओनाची आई. तेव्हा विशीतली, वडिलांपुढे ब्र काढायची हिंमत नसलेली. आता ती नव्वदीला टेकली आहे आणि तिला एकच गोष्ट कळायला हवी आहे... मॉरीन आपल्यावर रागावलेलीच गेली का?

फिओना सहा वर्षं शोधत होती. वंशावळीच्या वेबसाइट झाल्या, डीएनए टेस्ट झाली, ऑफिसांना पत्रं झाली. मॉरीन आपटे नावाची बाई सांगलीत कधी होती, असा एक कागद कुठे सापडला नाही.

"मिळेल कशी?" सासूबाई म्हणाल्या. "लग्नात नाव बदललं असेल की तिचं!"

फिओनाला वाटलं, आडनावाबद्दल बोलतायत. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "अगं, आडनाव नाही, नाव! सांग तिला. मी तरी कुठे जन्मापासून सुनंदा आहे? माहेरची मी कुसुम."

माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली आणि हे मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं मी.

सासूबाईंनी आजवर निम्म्या नातेवाइकांची लग्नं जमवली आहेत, त्यामुळे चौकशीत त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. त्यांनी सांगलीच्या मामेबहिणीला फोन लावला. मामेबहिणीने तिच्या विहिणीला, विहिणीने तिच्या भिशीतल्या कुणाला तरी. अगदी स्थळाची माहिती काढावी तसं. मी "प्रायव्हसी" वगैरे पुटपुटले, पण माझं ऐकतंय कोण!

मंगळवारी संध्याकाळी उलट फोन आला. मीराबाई आपटे. गावात सगळे 'गोऱ्या बाई' म्हणायचे. डॉक्टरांच्या दवाखान्यात नर्सचं सगळं काम त्याच बघायच्या. जाऊन बरीच वर्षं झाली, पण मुलगी गावातच असते... वसुधा, कॉलेजातून रिटायर झालेली.

मी धावत समोर जाऊन सांगितलं. फिओना दाराबाहेरच्या चपलांच्या रॅकवरच बसली आणि हसत हसत रडायला लागली.

रविवारी दुपारी आमच्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप ठेवून स्काइप जोडलं. आयर्लंडमध्ये सकाळ होती. कॅथलीनबाई केस सेट करून, मोत्यांची माळ घालून बसल्या होत्या. सांगलीत भर दुपारी वसुधाताई पैठणी नेसून हजर! दोघींची हनुवटी डिट्टो एक. सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं, बघितलंस का म्हणून.

कॅथलीनबाई इकडचं तिकडचं काही बोलल्याच नाहीत. पहिलाच प्रश्न... ती माझ्यावर रागावली होती का?

मला वाटलं, आता वसुधाताई "नाही हो, छे!" म्हणणार, आपण सगळेच तसं म्हणतो.

"रागावली होती तर!" वसुधाताई स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या. "चांगली तीन वर्षं. घरात आयर्लंडचं नाव काढायची सोय नव्हती म्हणे. मग मी झाले. मी इतकी रडकी होते की तिला रागावायला वेळच उरला नाही."

वसुधाताई पुढे म्हणाल्या, "नंतर मला झोपवताना तुमच्याच गोष्टी सांगायची. तुम्ही गाईला घाबरून झाडावर चढला होतात आणि तिने तुम्हाला खाली उतरवलं, खरं ना?"

"मी?" कॅथलीनबाई खुर्चीत ताठ झाल्या. "झाडावर ती चढली होती! गाय हाकलली मी! थापाडी होती पहिल्यापासून!"

आणि त्या अशा काही हसायला लागल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हसता हसता रडणं कधी सुरू झालं ते त्यांनाही कळलं नसेल. त्यानंतर पुढचा तासभर झाडाचा वाद चालला होता, आणि आम्ही तिघी इकडे डोळे पुसत, हसत ऐकत होतो.

मला राहून राहून वाटतंय... वसुधाताईंनी चांगुलपणाने खोटं सांगितलं असतं, तर कॅथलीनबाईंना फक्त माफी मिळाली असती. त्यांनी खरं सांगितलं, म्हणून त्यांना बहीण मिळाली. रागावणारी, थापा मारणारी, होती तश्शीच.