सोळा किलोचा स्नॅच आणि नवऱ्याची अब्रू

माझा नवरा मला मारतो ही बातमी आमच्या शाळेत पसरली, तेव्हा मी सोळा किलोचा स्नॅच शिकत होते. बातमी मला सगळ्यांत शेवटी कळली. तोवर स्टाफरूममध्ये तिच्यावर चर्चा होऊन ठरावही झाला होता, की बिचारीला काही विचारायचं नाही.

केटलबेल म्हणजे वर जाड कडी असलेला लोखंडी गोळा. स्नॅचमध्ये तो एका हातानं दोन पायांमधून मागे झुलवायचा आणि कंबरेच्या झटक्यानं एका दमात थेट डोक्यावर न्यायचा. मध्ये कुठे थांबा नाही. बारा किलोपर्यंत माझं बरं चाललं होतं. सोळाचा गोळा मात्र वर पोचता पोचता मुठीवरून कोलांटी मारायचा आणि मनगटाच्या वर, हाताच्या बाहेरच्या बाजूला दाणकन आदळायचा. दिवाळीनंतर दोन्ही हातांवर चार चार बोटं रुंदीचे जांभळे डाग पडले.

मारेगावात आमची जिम एका ट्रॅक्टर मेकॅनिकच्या गॅरेजमागे आहे. मेकॅनिकच मालक, तेच उस्ताद; सगळे त्यांना चाचा म्हणतात. इंजिन उघडण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, आणि माणसाचं शरीरही ते त्याच धिटाईनं उघडतात. मी डाग दाखवले तर ते खूश झाले. "मॅडम, ये तो निशानी है! डाग पडल्याबिगर हात बनतच नाही." जिममधल्या सगळ्या पुरुषांच्या हातांवर हीच निशाणी होती आणि ते पानठेल्यावर बाह्या सारून उभे राहत. उचलण्याची पद्धत चुकते आहे याचा धडधडीत पुरावा अख्खं गाव मिरवत होतं. मग मी कशी मागे राहणार? मीही आखूड बाह्यांचं ब्लाऊज घालून मोठ्या ऐटीत शाळेत गेले.

पुरुषाच्या हातावरचा डाग व्यायामाचा असतो आणि बाईच्या हातावरचा नवऱ्याचा. वीस वर्षं गणित शिकवूनही मला हे साधं गणित सुचलं नाही.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर मराठीच्या मॅडम बसतात. एके दिवशी त्यांनी मला प्रयोगशाळेत नेलं, दार लोटलं आणि पर्समधून हळद-चुन्याची डबी काढली. "पह्यल्या दिवशी बर्फच लावायचा, शेकायचं नाही. दोन दिवसांनी शेका. मंग हा लेप. पिवळं पडलं की समजायचं, बरं होऊन राह्यलं." एवढी इत्थंभूत माहिती सरकारी दवाखान्यातही मिळत नाही.

"मॅडम, मी लोखंड उचलते," मी सांगितलं.

"हो, हो. काहीतरी सांगाच लागते." त्यांनी माझा हात थोपटला. "पण हात आडवा घातला की इथंच लागते ना."

माझं डोकं फिरलं. मी मोबाईल काढून स्नॅचचा व्हिडिओ त्यांच्या नाकासमोर धरला. गोळा वर जाताना, आदळताना, माझं तोंड वाकडं होताना, सगळं त्यात स्पष्ट होतं. त्यांनी शांतपणे पाहिलं.

"हा व्हिडिओ काढला कोणं?"

"ह्यांनीच."

"पाहा बरं," त्या म्हणाल्या. "पुरावा तयार करून ठेवून राह्यले."

आता ज्याच्यावर हा आरोप होता तो माणूस कसा, तर कापसाच्या पऱ्हाटीत घुसलेल्या रानडुकरालाही 'जा नं बाप्पा' म्हणणारा. कापूस आणि तुरीच्या शेतापलीकडे त्याला जग नाही. त्याचा आवाज घरात ऐकू यायचा तो फक्त शिंकेचा. तो मला गाडीवरून शाळेत सोडायला आला की बाया तोंड फिरवू लागल्या. त्यानं मधल्या सुट्टीत पेरू आणून दिले, तर मारून झाल्यावर असेच गोड वागतात, असा निष्कर्ष निघाला. खरी कमाल पुरुषांनी केली. एका संध्याकाळी नवरा पानठेल्यावरून आला आणि ताटावर नुसता बसून राहिला.

"काय झालं?"

"आज मले तिथं बसाले जागा देल्ली. एक जण म्हणे, घरात कडकच राहा लागते, भाऊ. चहाही पाजला." त्यानं ताट सरकवलं. "इतकी वर्षं कापूस पिकवला, कोणी विचारलं नाही. आता इज्जतीनं पाहून राह्यले. मले शरम वाटून राह्यली. तू ते लोखंड सोडून दे."

मी चिडले. बेचाळीस वर्षांत माझी म्हणून एक गोष्ट मला सापडली होती, आणि ती गावाच्या तोंडासाठी सोडायची? पण त्याचा उतरलेला चेहराही मला पाहवेना. शेवटी संक्रांतीची मुदत ठरली. हळदी-कुंकवाला अर्धं गाव आमच्या घरी येणार. तोवर डाग गेले तर लोखंड राहील, नाही गेले तर लोखंड जाईल.

केटलबेलचं तंत्र सुधारायला लोकांना स्पर्धेचं, नाहीतर वजनाचं निमित्त लागतं. आमच्याकडे नवऱ्याची अब्रू होती. तो रोज सकाळी जिममध्ये उलट्या क्रेटवर बसून माझे व्हिडिओ काढू लागला आणि घरी ते हळू वेगात पाहू लागला. बायकोवर पाळत ठेवतो, ही नवी बातमी त्यातूनच निघाली. पण चूक त्यालाच दिसली. "तू त्याले लई लांबून फिरवून आणून राह्यली. मंग तो वरून पडणारच."

मग मी गॅरेजच्या भिंतीकडे तोंड करून, हातभर अंतरावर उभी राहून सराव केला. गोळा अंगाजवळून वर आला तर ठीक, नाहीतर सरळ भिंतीत. पहिल्या आठवड्यात पोपडे पडले. "मॅडम, दीवार का क्या कसूर?" चाचा कळवळले. मग पकड. मी कडी अशी आवळत होते की जणू मुख्याध्यापकांचा गळाच. आवळलेल्या मुठीत गोळा फिरत नाही, उसळून पलटतो. बोटं ढिली ठेवायची, आणि गोळा कपाळाशी आला की हात कडीतून वर खुपसायचा. गोळ्यानं हातावरून उडी मारण्याआधी हातानंच त्याला वळसा घालायचा. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. मला सात आठवडे लागले. बऱ्याचदा मी दोन्ही हातांनी गोळा डोक्यावर न्यायचे आणि एका हातानं नुसता खाली आणायचे, म्हणजे उतरताना तरी वाट कळावी.

एका सकाळी गोळा वर गेला आणि आवाजच आला नाही. हाताच्या मागे तो अलगद येऊन टेकला होता. मला वाटलं, रिकामाच हात वर गेला. नवरा क्रेटवरून उठला आणि म्हणाला, "झालं?" मला रडू आलं आणि हसूही. मी लागोपाठ दहा केले.

संक्रांतीपर्यंत डाग पिवळे होऊन गेले. हळदी-कुंकवाला आलेल्या बायांनी तिळगुळापेक्षा माझे हातच जास्त पाहिले. नवरा चहा देत फिरत होता. एका बाईनं त्याच्याकडे मायेनं पाहत सगळ्यांना सांगितलं, "सुधरले बरं का." तो आत येऊन मला विचारतो, "म्हणजे मले माफ केलं का?" मी ओट्याला धरून हसले.

बाया पांगल्या तरी मराठीच्या मॅडम रेंगाळल्या. स्वयंपाकघरात आल्या, माझा हात हातात घेतला, उलटा-सुलटा केला, डाग होता तिथे अंगठ्यानं दाबून पाहिलं. आता यांना पटवायचंच म्हणून मी उत्साहानं सुरू झाले. भिंत, ढिली पकड, कपाळाशी आल्यावर हात खुपसणं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "मिस्टरायले तुमी नेमकं काय म्हटलं, ते सांगा मले. कोणत्या शब्दात म्हटलं?"

दोन महिने मी या बाईची घरी नक्कल करून नवऱ्याला हसवत होते. पर्समधली ती हळद-चुन्याची डबी मला आठवली. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

"काहीच नाही म्हटलं, मॅडम," मी म्हणाले. "खरंच लोखंडच होतं."

त्यांनी माझा हात सोडला. बाहेर नवरा रिकामे कप गोळा करत होता, त्याच्याकडे त्या थोडा वेळ पाहत राहिल्या.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "नका सांगू."